गोण्यांची वही

ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे दोन कालवे निघतात, डावा आणि उजवा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि त्या पाण्यानं संगमनेरच्या खालच्या अंगाला बाजरीच्या जागी ऊस उभा केला. या गोष्टीतलं गाव त्याच पट्ट्यातलं. नाव सांगून उपयोग नाही. शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि माणसंही रचलेली आहेत. विहिरीतलं पाणी मात्र खरं आहे. संगमनेर परिसरातल्या विहिरींचे नमुने शहरातल्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तपासले आणि बागायती भागात क्षार आणि नायट्रेट वाढलेत, असं शोधनिबंधांत लिहून ठेवलं. शोधनिबंध इंग्रजीत आणि विहिरी मराठी मुलखात, त्यामुळे बातमी काही मळ्यापर्यंत पोचली नाही.

तात्या आणि अण्णा हे सख्खे भाऊ. वडील गेले आणि वर्षश्राद्धाच्या आत वाटणी झाली. आठ एकर, चार-चार. गोठा थोरल्याला, घरामागची चिंच धाकट्याला. पितळी घंगाळ कोणाकडे जावं यावर दोन दिवस गेले, आणि शेवटी ते मामाकडे गेलं. विहिरीचे मात्र दोन भाग होईनात. ती वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात स्वतः उतरून खणलेली, आठ परस खोल. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि तळाला काळ्या पाषाणाच्या कपारीतून येणारा झरा. नवा बांध नेमका तिच्या कडेनं गेला. तलाठ्यानं दोघांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहिलं: विहिरीत आठ आणे हिस्सा.

चार दिवस तात्याचे, चार दिवस अण्णाचे. शेतीची लाईट आज रात्री अकराला येणार, उद्या पहाटे तीनला, मध्येच जाणार, पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. म्हणून तात्यानं वही घातली. मोटार चालू केव्हा, बंद केव्हा, तास किती, लाईट गेली ती किती वेळ, सगळं तारीखवार. अण्णाचा त्या वहीवर विश्वास नव्हता, म्हणून त्यानं आपली वेगळी घातली. एका वर्षी दोन वह्यांत साडेसहा तासांचा फरक निघाला आणि ऐन दिवाळीत दोघा भावांचं बोलणं बंद झालं, ते सात वर्षं. पाटावर पाट लावून जेवलेली माणसं, पण भाऊबंदकीचं असंच असतं. तिला कारण लहान लागतं.

बायकांचं बोलणं चालू होतं. तात्याची बायको, जिला सगळा मळा जिजी म्हणतो, ती अण्णाच्या घरी विरजण मागायला जायची. दोन्ही घरच्या सुना तर एकाच वर्षी मळ्यात आलेल्या, एकमेकींच्या जिवाभावाच्या. आणि प्यायचं पाणीही दोन्ही घरांत एकाच विहिरीचं. गावठाणात नळ आले होते, वस्तीवर अजून नव्हते.

तात्याच्या घरी नात झाली. बाळंतपणानंतर सुनेला ताप भरला, दूध कमी पडलं. दवाखान्यात कोणीतरी डबा लिहून दिला आणि बाळ दीड महिन्याचं असल्यापासून पावडरचं दूध सुरू झालं. जिजी स्वच्छतेची कडक. बाटली उकळणार, बूच उकळणार, आणि पाणी तर असं उकळणार की तांब्याभर ठेवलं तर पेलाभर उरेल. लहान जीव आहे, कच्चं पाणी नको. पाणी आटलं म्हणजे ते शुद्ध झालं, हा तिचा हिशेब. आपल्यापैकी बहुतेकांच्या आज्यांचाही तोच.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा ओठ निळसर दिसायला लागले. आधी वाटलं थंडी. मग नखं. मग एका सकाळी बाळ रडलं, आणि रडताना लाल व्हायच्या ऐवजी राखाडी झालं. मोटारसायकलवर मुलगा, मागं जिजी, पदराखाली बाळ, असे तिघं संगमनेरला पोचले. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय तपासलं, ऑक्सिजन लावला. ऑक्सिजननं रंग बदलेना. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी बाळाच्या टाचेला सुई लावली, रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर घेतला, शेजारी नर्सच्या बोटाचा दुसरा थेंब घेतला आणि घड्याळ बघत उभे राहिले. नर्सचा थेंब हवेत लालभडक झाला. बाळाचा तसाच राहिला, तपकिरी, चॉकलेटी.

“आजी, पाणी कुठलं पाजता?”

“विहिरीचं. पण उकळून हो! चांगलं आटवून.”

डॉक्टर खुर्चीत बसले. “बाटली धुतली, पाणी उकळलं, सगळं नीट केलंत तुम्ही. पण उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाही. पाणी आटतं, तो तेवढाच राहतो. तांब्याचा पेला केलात तर तांब्यातला सगळा त्या पेल्यात.”

नायट्रेट हा तो क्षार. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते पाणी पिऊन त्या दिवशी काही होत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं आणि ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं बंद करतं. रक्त आहे, श्वास चालू आहे, आणि बाळ आतून गुदमरतंय. अमेरिकेत आयोवा राज्यात, मक्याच्या पट्ट्यात, हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरनं १९४५ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. तिथंही बाळं शेतकऱ्यांची होती, दूध वरचं होतं आणि पाणी घरच्या विहिरीचं होतं. आईच्या दुधात हे नायट्रेट फारसं उतरत नाही. म्हणजे जिजीच्या सुनेला ताप आला नसता तर हे पाणी आणखी कित्येक वर्षं चांगलंच ठरलं असतं.

औषध नाशिकहून मागवलं. मिथिलीन ब्लू, गर्द निळ्या रंगाचं. निळ्या बाळाला निळं औषध शिरेतून देताना पाहून जिजीनं डोळे मिटून घेतले. तासाभरात ओठांवर रंग आला.

घरी आल्यावर तात्यानं टोपी काढली नाही, पाणी प्यायला नाही. सरळ बांध ओलांडून सात वर्षांनी अण्णाच्या दारात गेला. का, ते उघड आहे. अण्णाची जमीन वरच्या अंगाला, तात्याची खालच्या. संगमनेर तालुक्यात पोल्ट्र्या पुष्कळ, त्यामुळे कोंबडखत ट्रॉलीनं मिळतं, आणि अण्णा दर पावसाळ्याआधी दोन ट्रॉल्या आणून विहिरीच्या वरच्या कडेला ढीग घालायचा. तो ढीग पावसात भिजायचा. तात्याला गुन्हेगार सापडला होता.

“तुझ्या उकिरड्यानं माझी नात मारायला घेतली होती.”

“माझ्या उकिरड्यानं? आन् उसात गोण्यांवर गोण्या कोण वतू राहिलं? सगळ्या शिवाराला माहितीय, तात्याचा ऊस कशानं काळा पडतो ते!”

आवाज चढले. शेजारच्या मळ्यातली चार माणसं आली. त्यातल्या एकानं तिसराच आरोपी काढला: हे वरच्या गावांचं सांडपाणी, नदीतून येतं. ही सूचना दोघा भावांना एकदम पसंत पडली. बाहेरचा आरोपी घरच्यापेक्षा नेहमीच सोयीचा असतो. नदीत सांडपाणी येतं हे खोटं नाही आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण तो जाब विचारायला त्या दिवशी कोणी निघालं नाही.

अण्णाची सून आतून एक निळी पेटी घेऊन आली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्यातली ती एक. तिनं आजवर गावठाणातल्या नळाचं पाणी तपासलं होतं, रजिस्टरला लिहिलं होतं. मळ्यातल्या विहिरी यादीत नव्हत्या, म्हणून घरच्या विहिरीचं पाणी तिनं कधी नळीत घेतलं नव्हतं. पदर सारखा करून ती चुलत सासऱ्यांना म्हणाली, “तात्या, भांडण उद्या करा. आज पाणी आणून द्या मला. विहिरीचं एक, आमच्या बोअरचं एक, आन् कालव्याचं एक.”

पाणी आलं. तिनं तीन काचेच्या नळ्या तुळशीच्या कट्ट्यावर ओळीनं लावल्या, खुणेपर्यंत भरल्या, पुडीतली भुकटी टाकली, बुचं लावून हलवल्या आणि मोबाइलवर वेळ लावली. शेजारी रंगांचा तक्ता पसरला: पांढऱ्यापासून गडद गुलाबीपर्यंत चौकोन, प्रत्येकाखाली आकडा. कट्ट्याभोवती आठ-दहा माणसं वाकून उभी. कालव्याचं पाणी जवळपास पांढरं राहिलं. सांडपाण्यावाला शेजारी जरा मागं सरकला. विहिरीचं पाणी आधी फिक्कट गुलाबी, मग बघता बघता गडद. आणि अण्णाच्या बोअरचं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं, तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढं.

तात्याच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं, हे नमूद करायला हवं. “बघ,” तो म्हणाला. अण्णा मात्र त्या नळीकडं बघतच राहिला. बोअर त्यानं मुद्दाम घेतली होती, पाळीच्या कटकटीतून सुटायला. दोनशे फूट खाली जाऊन आपलं स्वतःचं, कोणाचा हिस्सा नसलेलं पाणी काढलं, असा त्याचा समज होता.

सुनेनं नमुने बाटल्यांत भरून सरकारी प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला. लिटरमागे नायट्रेट: विहीर ११८ मिलिग्रॅम, बोअर १३१. भारतीय मानक ४५ आहे आणि त्यात सवलत नाही; दुसरा स्रोत नसला तरी ४५ च्या वर चालत नाही.

त्या दिवशी दोघं भाऊ एका ओसरीवर बसले, पण तोंडं दोन दिशांना. सून म्हणाली, “तात्या, तुमची वही आणा.”

वहीचं नाव निघाल्यावर तात्याला हुरूप आला. पंचवीस वर्षांचा गठ्ठा घेऊन आला. अण्णाही आतून आपला घेऊन आला. सुनेनं दोन्ही चाळल्या. मिनिटांपर्यंत लिहिलेलं.

“यात उपसलं किती ते आहे,” ती म्हणाली. “टाकलं किती ते कुठंय?”

कोणी बोललं नाही. मग अण्णाच उठला आणि खुंटीवरची तार काढून आणली. खताच्या दुकानाच्या पावत्या, वर्षानुवर्षे तारेत ओवलेल्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या. जिजीनं तात्याची तार आणायला नातवाला पिटाळलं. नवी वही उघडली गेली, आणि पहिल्यांदा त्या घरात गोण्यांचा हिशेब लिहिला गेला.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची. एकरी धरलं तर सुमारे १०० किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या पाच गोण्या. तात्याच्या पावत्या एकरी दहा सांगत होत्या, तीन एकर उसाला तीस. अण्णाच्या गोण्या सात, पण वर कोंबडखत, त्यात नत्र भरपूर, आणि ते त्यानं कधी मोजलंच नव्हतं. खत म्हणजे शेणखतासारखं, कितीही टाका. दोघंही दुप्पट. विहिरीसारखंच, अगदी समसमान.

आता जादा टाकलेल्याचं काय होतं? उसाला जेवढं लागतं तेवढंच तो घेतो. उरलेल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि आपली काळी माती, जी बाकी पुष्कळ काही धरून ठेवते, ती नायट्रेटला धरत नाही. दोन्हींचा विद्युतभार ऋण, त्यामुळे माती त्याला ढकलते आणि पाटपाण्याबरोबर ते मुरमातून खाली उतरतं. मी जरा आकडेमोड करून पाहिली. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत जवळपास २१ किलो. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर ९२ किलोच्या आसपास. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर एक गोणी सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला नेऊन टेकवते. सगळी गोणी काही खाली उतरत नाही, काही हवेत जाते, काही मातीतच अडकते. तरी तात्याच्या जादा गोण्या पंधरा होत्या, आणि त्या दरवर्षी.

तात्याला एक गोष्ट पटत नव्हती. “त्याचं रान वर, माझं खाली. माझं खत वर कसं चढंल?”

याचं उत्तर त्याच्याच जुन्या वहीत होतं. मोटार सुरू झाली की विहिरीची पातळी खाली जाते आणि भोवतालचं भूजल चारी बाजूंनी तिच्याकडं ओढलं जातं, वरच्या रानातलंही आणि खालच्या रानातलंही. जेवढे तास मोटार, तेवढी ओढ. बांध काळ्या मातीवर घातलेला होता. मुरमात आणि कपारीत कोणी घातलेला नव्हता.

दोष फक्त दोघा भावांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीची १३५० ला, तेव्हा शेतकऱ्याचा हात कुठं वळणार हे सांगायला कृषितज्ज्ञ लागत नाही. युरिया टाकला की आठ दिवसांत पात काळंभोर दिसतं, शेजारी थांबून बघतो. काळ्याभोर उसाला गावात मान आहे. पाण्यात उतरलेलं कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचा अपमानही नाही.

पुढचं सगळं काही एका रात्रीत झालं नाही. अण्णानं उकिरडा हलवला, पण पश्चात्तापानं नव्हे; तात्या रोज सकाळी बांधावर येऊन त्या ढिगाकडं बघत उभा राहायचा, त्याला कंटाळून. नवी जागा विहिरीपासून लांब, खाली फरशी, वर ताडपत्री. गोठ्याचा मुताचा पाट विहिरीच्या बाजूला उतरत होता, तो तात्यानं वळवला, आणि तेही अण्णानं चारचौघांत दाखवून दिल्यावर. प्यायला वीस लिटरचे जार सुरू झाले. तान्ही बाळं असलेल्या वस्तीवरच्या इतर घरांतही सुनेनं पेटी फिरवली. दोन विहिरी बऱ्या निघाल्या, बाकीच्यांची नावं सांगायला तिच्यावर बंदी आली, कारण एका घरात मुलीचं लग्न ठरत होतं.

गोण्या कमी करायला तात्याचा हात धजेना. पहिल्या वर्षी दहाच्या सात केल्या आणि तेही जिजीला सांगितलं नाही. माती परीक्षण केलं. दुसऱ्या वर्षी पाच, त्याही चार हप्त्यांत: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, मग पुन्हा दहा, आणि मोठ्या बांधणीला चाळीस. त्या वर्षी ऊस जरा फिक्का दिसला. पारावर कोणीतरी म्हणालं, तात्याच्या उसाला कावीळ झाली. तात्या महिनाभर पाराकडं फिरकला नाही. तोड झाली, गाडी काट्यावर गेली, आणि एकरी टन मागच्या वर्षीइतकेच भरले. अण्णानं ती काट्याची पावती मागून घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि आपल्या वहीत लिहून ठेवली. पुढच्या हंगामात त्याच्याही गोण्या कमी झाल्या. याला समेट म्हणावं की काय ते तुम्ही ठरवा.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, विहिरीचा नमुना पुन्हा गेला. भूजल सावकाश चालतं. पंचवीस वर्षांचं साठलेलं दोन-तीन वर्षांत धुऊन जात नाही, हे प्रयोगशाळेतल्या माणसानं आधीच सांगितलं होतं. अहवाल आला: ७९.

ओसरीवर दोघं बसले होते. नात आता मोठी झाली होती, तिनं गोण्यांच्या वहीचं एक पान फाडून तोंडात घातलं होतं आणि ते काढून घेण्यात जिजी गुंतली होती.

“पंचेचाळीसच्या वर चौतीस राहिले,” तात्या म्हणाला. “आठ आण्यांनी सतरा-सतरा.”

“सतरा कशे? माझा उकिरडा दोन वर्षांपूर्वीच हालला. माझे बारा धर.”

“आन् तुझी बोअर? ती अजून शंभरावर हाय. ती कोणाच्या खात्यात?”

“बोअरचं विहिरीत कशाला धरतो?”

“खाली एकच हाय ना सगळं! तूच म्हणला व्हता.”

“मी नाही, सून म्हणली व्हती.”

सून पेटी आवरत होती. तिनं दोघांच्याही वह्या मागितल्या. यंदाच्या गोण्या अजून कोणीच लिहिल्या नव्हत्या.